ॲनोडाइज्ड थराच्या छिद्रांत नॅनोकण भरायचेत? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एमएस्सी किंवा एमटेकच्या प्रोजेक्टला ज्यांना हा विषय मिळालाय आणि पेपर वाचून डोकं गरगरतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पेपरमध्ये एका ओळीत असतं की कण विजेच्या फील्डने छिद्रांत भरले, झालं. ती एक ओळ जमवायला मला जवळजवळ एक सेमिस्टर गेलं. कुठे अडतं हे आधीच कोणी सांगितलं असतं तर त्यातले निम्मे दिवस वाचले असते, म्हणून जिथे अडतं तिथेच जास्त लिहिणार आहे आणि जे सोपं आहे ते पटकन उरकणार आहे.

आधी आपण नक्की काय करतोय ते बघू. ॲल्युमिनियमला ॲसिडमध्ये प्लसला जोडून करंट दिला की त्यावर ऑक्साइडचा थर वाढतो आणि त्या थरात वरून खालपर्यंत सरळ उभी छिद्रं असतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. घरातली हार्ड ॲनोडाइज्ड कढई असते ना, तिच्यावर हाच थर. १९९५ मध्ये जपानमध्ये मासुदा आणि फुकुदा यांनी खूप वेळ ॲनोडाइज करून ही छिद्रं एकदम शिस्तीत, षटकोनी मांडणीत आणून दाखवली आणि तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये हा थर साच्यासारखा वापरतात. या छिद्रांत काय भरायचं ते तुमच्यावर, गंजरोधक भरा, चांदी भरा, घर्षण कमी करणारे टेफ्लॉनचे कण भरा. मी इथे सिलिकाचे कण धरतोय कारण ते स्वस्त आहेत आणि नंतर छिद्रात आहेत की नाही ते ओळखायला सोपे.

नुसतं बुडवून ठेवलं तर का भरत नाही? हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला होता. द्रव छिद्रात जातोच आणि कणही जातात, २० नॅनोमीटरचा कण नुसत्या स्वतःच्या हालचालीने १० मायक्रॉन अंतर पाण्यात दोनेक सेकंदांत कापतो. पण ०.१ टक्का सिलिकाचं सस्पेन्शन असेल तर छिद्रातही तेवढंच पातळ सस्पेन्शन जाणार, घनफळाने बघितलं तर जेमतेम ०.०५ टक्के, आणि आपल्याला छिद्राचा साठेक टक्के भाग कणांनी भरायचाय, म्हणजे कणांची दाटी हजारपटीहून जास्त वाढवायची आहे. हे वाढवण्याचं काम विजेचं फील्ड करतं. कणांवर चार्ज असतो, फील्ड त्यांना ओढत राहतं, नवीन कण येत राहतात, तळाशी साचत जातात. याला इलेक्ट्रोफोरेटिक डिपॉझिशन म्हणतात, लॅबमध्ये सगळे ईपीडीच म्हणतात. किती माल बसेल याचं साधं गणित हामाकरने १९४० मध्येच दिलंय: कणांची मोबिलिटी (म्हणजे एकक फील्डमागे त्यांचा वेग), फील्ड, क्षेत्रफळ, सस्पेन्शनची तीव्रता आणि वेळ यांचा गुणाकार. पुढे हेच वापरणार आहोत.

पहिली गोष्ट, थर कुठून आणायचा

भोसरी, चाकण, वाळूज कुठेही ॲनोडाइजिंगचं जॉबवर्क करणारे मिळतात आणि मोह होतो की तिथून पट्टी करून आणावी. आणू नका. ते सल्फ्युरिक ॲसिडमध्ये १५-१८ व्होल्टला करतात, त्यातली छिद्रं १०-२० नॅनोमीटरची, म्हणजे आपला कणच मावणार नाही. शिवाय शेवटी गरम पाण्यात सीलिंग करतात, त्यात ऑक्साइड फुगून छिद्रांची तोंडं बंद होतात. गंजापासून वाचवायला ते बरोबरच आहे पण आपल्या कामाचं नाही.

आपण ऑक्झॅलिक ॲसिड घ्यायचं, ०.३ मोलर, ४० व्होल्ट डीसी, तापमान १५ डिग्रीच्या आसपास, बर्फाच्या पाण्यात बीकर ठेवून आणि खाली स्टरर चालू. दोन छिद्रांतलं अंतर व्होल्टवर ठरतं, साधारण व्होल्टमागे २.५ नॅनोमीटर, म्हणून ४० व्होल्टला १०० नॅनोमीटर येतं. छिद्र स्वतः ३०-४० नॅनोमीटरचं असतं. पत्रा शक्य तेवढा शुद्ध घ्या, ९९.९९ टक्के मिळाला तर उत्तम, ९९.५ चा घेतला तरी शिकायला चालतो. ६०६१ सारखा मिश्रधातू घेऊ नका, त्यात सिलिकॉन असतं आणि नंतर तुम्हाला तुमचं सिलिका कुठलं आणि पत्र्यातलं कुठलं तेच कळणार नाही.

पेपरमध्ये परक्लोरिक ॲसिड आणि इथेनॉलमध्ये इलेक्ट्रोपॉलिश करा असं लिहिलेलं असतं. नवख्याने एकट्याने हे अजिबात करायचं नाही, ते मिश्रण तापलं तर स्फोट होतो. आपल्याला छिद्रांची मांडणी देखणी नकोय, भरलेली हवीय, म्हणून ॲसिटोनने पुसा, सौम्य कॉस्टिक सोड्यात अर्धा मिनिट, पाण्याने धुवा, नायट्रिकमध्ये काळेपणा घालवा, पुन्हा धुवा, बास. मग ॲनोडाइज करा. २० मायक्रॉनच्या आसपास जाडी आली की थांबा, किती तासांत येते ते तुमच्या सेटअपवर ठरतं, म्हणून पहिली पट्टी फक्त जाडी मोजायलाच वापरा.

आणि हो, ४० व्होल्ट ऐकायला कमी वाटतात पण ॲसिडने ओल्या हातांना नाही, सप्लाय बंद केल्याशिवाय क्लिप काढू नका. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, ग्लोव्ह्ज आणि गॉगल पाहिजेतच.

खरा अडथळा: छिद्राच्या बुडाशी असलेला थर

हा भाग दोनदा वाचा, बहुतेकांचं इथेच अडतं. प्रत्येक छिद्राच्या तळाशी, ऑक्साइड आणि धातू यांच्यामध्ये, एक अखंड पातळ थर असतो, बॅरियर लेयर, ४० व्होल्टला साधारण ४० नॅनोमीटर. हा थर वीज जाऊ देत नाही. मी सुरुवातीला काय केलं, ॲनोडाइज झालेली पट्टी तशीच कणांच्या सस्पेन्शनमध्ये टाकली, ५ व्होल्ट लावले, तासभर ठेवली, काही नाही. दोन तास ठेवली, काही नाही. मग गणित केलं तेव्हा समजलं. हा थर कपॅसिटरसारखा वागतो, एक चौरस सेंटीमीटरला साधारण ०.२ मायक्रोफॅरड. सस्पेन्शनची कंडक्टिव्हिटी १० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर आणि अंतर १ सेंटीमीटर असेल तर रेझिस्टन्स १ लाख ओहम. दोघांचा गुणाकार ०.०२ सेकंद. म्हणजे स्विच टाकल्यावर दहावा हिस्सा सेकंदाच्या आत सगळा व्होल्टेज त्या बॅरियरवर जाऊन बसतो आणि द्रवात फील्डच उरत नाही, तेवढ्यात कण फार तर अर्धा मायक्रॉन सरकला असेल. मी तासभर मृत सर्किटसमोर बसलो होतो. मीटरवर व्होल्टेज दिसत होता, करंट शून्य होता, आणि करंट शून्य याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

उलटा जोड दिला, म्हणजे पट्टी मायनसला, तर करंट जातो पण हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, तळाशी अल्कली तयार होते आणि थर सोलून निघतो.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे ॲनोडाइजिंगच्या शेवटी व्होल्टेज हळूहळू पायऱ्यापायऱ्यांनी ४० वरून ५-८ पर्यंत उतरवायचा, त्याने बॅरियर पातळ होतो. नीट जमायला सराव लागतो. दुसरा उपाय मी नवख्यांना सांगतो: खालचा ॲल्युमिनियम काढूनच टाकायचा, बॅरियर ॲसिडने उघडायचा आणि मागून सोन्याचा थर द्यायचा. मग छिद्राचा तळ म्हणजे सरळ इलेक्ट्रोड.

त्यासाठी पुढच्या बाजूला नेलपॉलिश लावून वाळवा, मागच्या बाजूचा ऑक्साइड पॉलिश पेपरने घासून काढा, मग कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या द्रावणात टाका, ॲल्युमिनियम विरघळतो. फ्यूम हूडमध्येच करायचं आणि भांडं बर्फात, कारण ते जोरात तापतं. मागे उरते ती काचेसारखी पारदर्शक मेम्ब्रेन, भयंकर ठिसूळ, कडेला थोडा ॲल्युमिनियमचा रिंग ठेवलात तर धरायला सोपं जाईल. नेलपॉलिश ॲसिटोनमध्ये काढा. मग ५ टक्के फॉस्फोरिक ॲसिडमध्ये ३० डिग्रीला ३५-४० मिनिटं. यात एकाच वेळी दोन कामं होतात, बॅरियर उघडतो आणि छिद्र रुंदावून ६०-६५ नॅनोमीटर होतं. यापेक्षा जास्त वेळ ठेवू नका, भिंती पातळ होऊन सगळं कोसळतं. मग मागच्या बाजूने २०० नॅनोमीटर सोनं स्पटर करून घ्या (व्हॅक्युममध्ये धातूचा पातळ थर बसवतात ते). ज्यांना हे सगळं नको असेल त्यांनी तयार मिळणारी ॲल्युमिनाची फिल्टर मेम्ब्रेन घ्यावी, ६० मायक्रॉन जाडीची येते, पहिल्या प्रयोगाला चांगली. छिद्रं मोठी असल्यामुळे सोन्याचा थर मात्र जाड द्यावा लागतो.

कण कसे निवडायचे

आमच्याकडे गावाला पाभरीने पेरणी करायचे तेव्हा चाड्यावर मूठ धरणारा माणूस अनुभवी लागायचा. मूठ सैल पडून दाणे भसकन गेले की दोन-तीन दाणे नळीच्या तोंडाशी एकमेकांना टेकून कमान करतात आणि नळी तुंबते, मग मागे सगळी ओळ रिकामी जाते आणि वरून बघणाऱ्याला कळतही नाही. छिद्रांत कण भरणं म्हणजे अगदी हेच. म्हणून कणाचा व्यास छिद्राच्या पाव भागापेक्षा जास्त नको. ६० नॅनोमीटरच्या छिद्राला १२-१५ नॅनोमीटरचा कण.

दुसरी गोष्ट चार्ज. ॲल्युमिनाची भिंत साधारण पाण्यात पॉझिटिव्ह असते, साधी सिलिका निगेटिव्ह. ऐकायला छान वाटतं, एकमेकांना ओढतील. ओढतात, आणि तोंडाशीच चिकटतात. तोंड बंद, आत काही नाही. म्हणून भिंत आणि कण दोघे एकाच चार्जचे पाहिजेत. वर ॲल्युमिनाचा पातळ थर दिलेली पॉझिटिव्ह कोलॉइडल सिलिका मिळते, १२ नॅनोमीटरच्या आसपास, पीएच ४-५, ती घ्या. पीएच ४ च्या खाली किंवा ८.५ च्या वर जाऊ नका, मेम्ब्रेनच विरघळायला लागते. झीटा पोटेन्शियल, म्हणजे द्रवात कणाचा चार्ज किती जाणवतो त्याचं माप, मोजून घ्या, ३० मिलिव्होल्टच्या वर हवं. भिंतीवरच्या चार्जमुळे छिद्रातला द्रव उलट दिशेला ढकलला जातो, म्हणून कणाचं झीटा भिंतीपेक्षा चांगलं जास्त असलेलं बरं.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. मला वाटायचं सस्पेन्शन जितकं शुद्ध, मीठ नसलेलं, तितकं चांगलं. चूक. प्रत्येक चार्ज असलेल्या पृष्ठभागाभोवती आयनांचं एक आवरण असतं, त्याची जाडी द्रवातल्या मिठावर ठरते. पाण्यात ०.१ मिलिमोलर मीठ असेल तर हे आवरण ३० नॅनोमीटर, १ मिलिमोलर असेल तर १० च्या आत. आता हिशोब करा: १२ चा कण, दोन्ही बाजूंना ३०-३० चं आवरण, झाला ७२, आणि छिद्र ६०-६५ चं, शिवाय भिंतीचंही आवरण आहेच. जाईल कसा? तोंडाशी येऊन मागे ढकलला जातो. १ मिलिमोलरला कण आवरणासकट ३२ चा आणि छिद्र ४०-४५ चं उरतं, मग जातो. म्हणजे थोडं मीठ हवंच, पण खूप टाकलं तर कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. मी लिथियम क्लोराइड वापरतो कारण ते इथेनॉलमध्येही विरघळतं.

पाणी की इथेनॉल

पाण्यात १.२३ व्होल्टच्या वर पाण्याचंच विघटन सुरू होऊ शकतं, प्रत्यक्षात थोडा जास्त व्होल्टेज लागतो पण ५ व्होल्टला बुडबुडे नक्की येतात, आणि छिद्राच्या तळाशी बुडबुडा आला की वरचा सगळा माल बाहेर फेकला जातो. उपाय म्हणजे पल्स, काही मिलिसेकंद चालू, काही बंद. पाण्यातल्या ईपीडीमध्ये पल्सने बुडबुडे टाळण्यावर भुवनेश्वरच्या आयएमएमटी या सीएसआयआरच्या संशोधन संस्थेतले लक्ष्मीधर बेसरा यांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर चांगलं काम केलंय, आणि २००७ चा त्यांचा मेलिन लियू यांच्याबरोबरचा ईपीडीवरचा रिव्ह्यू नवख्यांनी वाचावाच.

मी स्वतः इथेनॉल ४ भाग आणि पाणी १ भाग घेतो. बुडबुडे खूप कमी होतात, पण कण हळू चालतात. कणाचा वेग द्रवाच्या डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट आणि चिकटपणावर असतो, निव्वळ पाण्याच्या मानाने या मिश्रणात तो पाचवा हिस्सा होतो, म्हणून फील्ड जास्त लावायला लागतं. सोल, म्हणजे ती कोलॉइडल सिलिका, इथेनॉलमध्ये एकदम ओतू नका, पाण्यात पातळ करून थेंब थेंब, ढवळत. शेवटी सिलिका ०.१ टक्का, मीठ १ मिलिमोलर. रात्रभर ठेवा आणि सकाळी डीएलएसला (प्रकाशाने कणांचा आकार मोजणारं यंत्र) आकार बघा. कालचा १५ आज ६० झाला असेल किंवा नुसत्या डोळ्याला दूध पडल्यासारखं दिसत असेल तर फेकून द्या, त्यावर प्रयोग करून दिवस घालवू नका. इथेनॉल आहे, जवळपास ज्वाळा नको, चालू सर्किटमध्ये क्लिप काढताना ठिणगी उडते तीही नको.

आता प्रत्यक्ष भरणं

मेम्ब्रेनच्या मागच्या सोन्याला तांब्याची पट्टी लावा आणि मग सोन्याची प्रत्येक उघडी कडा इपॉक्सीने किंवा नेलपॉलिशने झाका. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. एकदा माझी एका बाजूची जेमतेम एक मिलिमीटर कडा उघडी राहिली होती, करंट मस्त दिसत होता, मी खूश, आणि नंतर बघितलं तर सगळी सिलिका त्या कडेवर जाडच्या जाड बसलेली आणि छिद्रं कोरी. विजेला छिद्रातून जायची गरजच पडली नाही. कडा नीट झाकल्यावर मात्र उलट फायदा होतो, ऑक्साइड वीज वाहून नेत नाही म्हणून सगळा करंट छिद्रांतूनच जायला बघतो, फील्डच्या रेषा तोंडाशी गोळा होतात आणि छिद्राच्या आत फील्ड बाहेरच्या तिप्पट होतं, कारण छिद्रांनी जागा फक्त तिसरा हिस्सा व्यापलेली असते.

मग मेम्ब्रेन आधी साध्या इथेनॉलमध्ये बुडवून व्हॅक्युम डेसिकेटरमध्ये दहा मिनिटं, आतली हवा निघू दे. हळूहळू व्हॅक्युम करा नाहीतर द्रव उसळतो. मग न वाळवता सस्पेन्शनमध्ये, अर्धा तास नुसतं, वीज न लावता. समोर प्लॅटिनम किंवा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड, १ सेंटीमीटरवर, समांतर. मेम्ब्रेन मायनसला.

सुरुवात ५ व्होल्टने. इथे चाड्यावरची मूठ आठवा. पहिली दहा मिनिटं ५, मग १०, मग २०. एकदम २० लावले की कण इतक्या वेगाने तोंडाशी येतात की कमान होते आणि वर सुंदर पांढरा पापुद्रा बसतो. पूर्ण २० व्होल्टला कागदावरचं गणित असं: १ चौरस सेंटीमीटर, २० मायक्रॉन जाडी, एक तृतीयांश छिद्रं, त्यात साठ टक्के सिलिका, म्हणजे साधारण ०.९ मिलिग्रॅम. कण सेकंदाला ८ मायक्रॉनच्या आसपास चालत असतील तर एवढं यायला वीस-पंचवीस मिनिटं. सुरुवातीचा हळू भाग धरून पाऊण तास द्या. दर मिनिटाला करंट लिहून ठेवा, तो हळूहळू उतरत गेला पाहिजे. पहिल्याच मिनिटात धपकन पडला तर तोंडं बुजली समजा, थांबवा, काढा, तीव्रता निम्मी करून नव्या मेम्ब्रेनवर पुन्हा.

झाल्यावर व्होल्टेज चालू असतानाच सस्पेन्शनचं भांडं हळू खाली घ्या, बंद करून काढलं तर सैल कण परत बाहेर येतात. वरचा पापुद्रा इथेनॉलने ओल्या केलेल्या कापसाच्या बोळ्याने एकाच दिशेने पुसा. अल्ट्रासॉनिकमध्ये टाकू नका, मेम्ब्रेनचे तुकडे होतील.

वाळवताना घाई नको. ६० नॅनोमीटरच्या छिद्रात पाणी वाळताना आतला ताण जवळपास ४८ वायुमंडलांएवढा होतो, इथेनॉलचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा म्हणून ताणही तेवढाच कमी. शेवटचं धुणं निव्वळ इथेनॉलने करा आणि झाकण अर्धवट ठेवून रात्रभर राहू द्या.

भरलंय का ते कसं बघायचं

वरून घेतलेल्या एसईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) फोटोवर विश्वास ठेवू नका. वरून सगळी छिद्रं कणांनी भरलेली दिसतात आणि खाली अर्धा मायक्रॉनवर सगळं रिकामं असतं, असे माझे तरी चार नमुने निघाले. मेम्ब्रेन मोडा, कापू नका, कापताना कण फरफटत जाऊन खोटं भरल्यासारखं दिसतं. चिमट्यात धरून मोडली की काचेसारखी तुटते. तुटलेली कड उभी लावा आणि तीन ठिकाणी बघा, वर, मधे आणि सोन्याच्या लगेच वर. मग ईडीएसने (एक्स-रेवरून कुठलं मूलद्रव्य कुठे आहे ते सांगणारी एसईएमची जोडणी) वरपासून खालपर्यंत सिलिकॉनची रेषा काढा. तळाशी जास्त आणि वर कमी असेल तर तुमचं बरोबर चाललंय, फक्त वेळ वाढवा. वर उंच टोक आणि खाली सपाट असेल तर तोंड बुजलंय. नमुना सिलिकॉन वेफर किंवा काचेवर चिकटवून बघू नका, खालचंच सिलिकॉन मोजलं जाईल.

वजनही करा, पाच दशांशांच्या काट्यावर, पापुद्रा पुसल्यानंतर. ०.९ अपेक्षित आणि ०.५ आलं तरी पहिल्या महिन्यात ते चांगलंच समजा. आणि एक मेम्ब्रेन कायम वीज न लावता तेवढाच वेळ बुडवून तसंच पुसून वजन करा, तिच्यावर जे येईल ते वजा करायचं. हे न करता निकाल लिहू नका, गाइडने विचारलं नाही तरी परीक्षक विचारतील.

शेवटी कण पक्के करायचे असतील तर अशी सुटी मेम्ब्रेन ३००-४०० डिग्रीपर्यंत मिनिटाला १-२ डिग्रीने तापवता येते, दोन सपाट सिरॅमिक तुकड्यांमध्ये ठेवून म्हणजे वळणार नाही. मागचं सोनं त्या आधी काढायचं की नाही ते तुमच्या उपयोगावर. बॅरियर पातळ करण्याच्या पद्धतीने ॲल्युमिनियमवरच थर ठेवला असेल तर मात्र एवढं तापवू नका, धातू ऑक्साइडच्या कितीतरी पट प्रसरण पावतो आणि थराला बारीक तडे जातात, त्यापेक्षा ९५ डिग्रीच्या वरच्या डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात सीलिंग करून तोंडं बंद करा, कण आतच राहतात. नळाचं पाणी त्याला वापरू नका, त्यातल्या फॉस्फेट आणि सिलिकेटने सीलिंग अर्धवट राहतं.